सही करता येते तोवर

वारासिवनीच्या आमच्या गल्लीत निम्म्याहून अधिक घरांत आता फक्त साठीच्या पुढची माणसं राहतात. मुलं नागपूरला, पुण्याला, हैदराबादला. काहींची थेट अमेरिकेत. दिवाळीत अंगणं भरतात, भाऊबीज झाली की पुन्हा रिकामी होतात. ही तक्रार नाही. आपणच शिकवलं, आपणच धाडलं. पण मागे राहिलेल्या माणसांच्या म्हातारपणाचं नियोजन कोणी करायचं, हा प्रश्न मात्र बहुतेक घरांत कोणी उघडून बोलत नाही.

मी बँकेत नोकरी करून निवृत्त झाले आणि सासरच्या जुन्या घरी परतले. तेव्हापासून शेजारपाजारच्या बायका पासबुकं, पावत्या, जुने स्टँप पेपर घेऊन माझ्याकडे येतात. ‘जरा वाचून सांगा ना बाई’ इथून सुरुवात होते आणि शेवट ‘आता काय करायचं?’ इथे होतो. मी वकील नाही. पण तीच ती अडचण वेगवेगळ्या घरांत पाहून जे कळलं, ते आपल्या मंडळाच्या वाचकांसाठी लिहिते आहे. तुमचे आईवडील वारासिवनीत असोत की अचलपुरात की बेळगावात, यातलं बरंचसं लागू पडेल.

माणसं नागपूरकडे, कागद भोपाळकडे

आमच्या भागाची एक खास अडचण आधी सांगते. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत नागपूर हीच आमची राजधानी होती. राज्य पुनर्रचनेत नागपूर मुंबई राज्यात गेलं आणि बालाघाट जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. सोयरिकी, बाजार आणि मोठे दवाखाने आजही गोंदिया-नागपूरकडेच. पण जमिनीचे कागद, रजिस्ट्री आणि कोर्ट मध्य प्रदेशाचं. त्यामुळे पुण्यात वाढलेला मुलगा गावी येऊन ‘सातबारा कुठे मिळेल?’ असं विचारतो तेव्हा पटवारी त्याच्याकडे बघत राहतो. इथे सातबारा नसतो. खसरा आणि बी-वन असतं, शेतकऱ्याच्या हाती ऋण पुस्तिका असते. फेरफाराला इथे नामांतरण म्हणतात आणि मालकाच्या मृत्यूनंतर वारसांची नावं चढवण्याला फौती नामांतरण. मृत्युपत्र म्हणजे वसीयत, बक्षीसपत्र म्हणजे दानपत्र, मुखत्यारपत्र म्हणजे मुख्तारनामा. तिकडचे प्रांत म्हणजे इकडचे एसडीएम.

शब्दच वेगळे असते तर भागलं असतं; नियमही वेगळे आहेत. महाराष्ट्रात राहतं घर किंवा शेती मुलाबाळांना बक्षीस दिली तर मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये, वर स्थानिक अधिभार वगैरे. तो हिशेब मध्य प्रदेशातल्या घराला चालत नाही. मालमत्ता ज्या राज्यात, शुल्क त्या राज्याचं. नागपूरच्या ओळखीच्या वकिलाने दिलेला मसुदा घेऊन इथे आलेल्या किती तरी जणांना परत जावं लागलेलं मी पाहिलं आहे.

आणि नावांचा घोळ. खसऱ्यात ‘पिता गणपत’ अशी नोंद, आधारवर आडनावासकट नाव, पासबुकात बाईच्या नावापुढे ‘बाई’, पॅनवर ते गायब. माणूस जिवंत असताना हे दुरुस्त करणं म्हणजे दोन-चार फेऱ्या. तो गेल्यावर ‘ही दोन्ही नावं एकाच व्यक्तीची’ हे सिद्ध करणं म्हणजे शपथपत्रं, साक्षीदार आणि महिने. म्हणून माझा पहिला सल्ला अगदी बिनखर्चाचा आहे: पुढच्या सुट्टीत आईवडिलांचे सगळे कागद एका चटईवर मांडा आणि फक्त नावं जुळतात का ते बघा.

मोठ्या बाईंचा प्रश्न

आता आमच्या घरातलं. माझ्या थोरल्या जाऊबाई, आम्ही त्यांना मोठ्या बाई म्हणतो, ७९ वर्षांच्या आहेत. एकाच अंगणात त्यांची एक चूल आणि माझी एक. मुलगा अमेरिकेत, मुलगी नागपुरात. राहतं घर आणि थोडं धानाचं शेत त्यांच्या स्वतःच्या नावावर आहे; शेत बटईने दिलेलं. दोन वर्षांपूर्वी त्या गॅसवर दूध ठेवून विसरायला लागल्या. मग एकाच महिन्यात दूधवाल्याला दोनदा पैसे दिले. नागपूरला दाखवलं तेव्हा डॉक्टरांनी स्मृतिभ्रंशाची सुरुवात असल्याचं सांगितलं आणि आणखी एक वाक्य बोलले, ‘जे व्यवहार ठरवायचे ते यांना विचारून आत्ताच ठरवा.’

आजाराचं नाव लागलं म्हणजे माणसाचा अधिकार संपला, असं मुळीच नाही. भारतीय वारसा कायदा १९२५ प्रमाणे मृत्युपत्र करताना माणसाला आपण काय करतो आहोत हे समजत असलं पाहिजे. एरवी भ्रमिष्ट असलेला माणूसही शुद्धीच्या काळात मृत्युपत्र करू शकतो, असं तो कायदाच सांगतो. पण पुढे कोणी आव्हान दिलं तर ‘त्या दिवशी त्यांना समजत होतं’ हे दाखवावं लागतं. म्हणून त्याच दिवशीचं किंवा आदल्या दिवशीचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र सोबत जोडावं.

मुलाचं म्हणणं सरळ होतं. ‘आई, घर आणि शेत माझ्या नावावर करून टाक, म्हणजे नंतर कटकट नको.’ त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. त्याला तिकडून वारंवार येणं जमत नाही एवढंच. मोठ्या बाई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, ‘काहून रे, माह्या नावाचं काढून टाकलं तं माह्या हाती काय राहीन?’

हा प्रश्न प्रत्येक म्हाताऱ्या माणसाच्या मनात असतो. सगळे तो विचारत नाहीत.

छतरपूरच्या आईचा खटला

या प्रश्नाचं उत्तर शोधताना आपल्याच राज्यातला एक निकाल वाचायला मिळाला. छतरपूरच्या एका आईने १९६८ साली घेतलेली मालमत्ता सप्टेंबर २०१९ मध्ये मुलाला दानपत्राने दिली. मुलगा तिचा सांभाळ करतो, असा उल्लेख दानपत्रात होता. त्याच सुमारास एक वचनपत्रही झालं होतं, असं आईचं म्हणणं: सांभाळ केला नाही तर ती दान परत घेऊ शकेल. पुढे बिनसलं. डिसेंबर २०२० मध्ये आईने एसडीएमकडे अर्ज केला. एसडीएमने तिच्या बाजूने निकाल दिला, कलेक्टरने तो कायम ठेवला, उच्च न्यायालयाच्या एका न्यायाधीशांनीही. मग खंडपीठाने तो उलटवला, कारण दानपत्रातच स्पष्ट अट लिहिलेली नव्हती. अखेर २ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आईच्या बाजूने निकाल दिला, दानपत्र रद्द ठरवलं आणि २८ फेब्रुवारीपर्यंत मालमत्तेचा ताबा तिला द्यायला सांगितला.

या सगळ्याचा आधार म्हणजे आईवडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह आणि कल्याण कायदा, २००७, आणि त्यातलं कलम २३. ज्येष्ठ माणसाने सांभाळाच्या अटीवर मालमत्ता दिली आणि घेणाऱ्याने सांभाळ केला नाही, तर ते हस्तांतरण फसवणुकीने झालं असं मानून रद्द करता येतं. मात्र डिसेंबर २०२२ मधल्या दुसऱ्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं की अशी अट होती हे दाखवावं लागेल. नुसतं ‘मुलगा बघत नाही’ एवढं पुरेसं नाही. २०२५ च्या निकालात हा कायदा ज्येष्ठांच्या हिताचा आहे, तो उदारपणे वाचावा, असं म्हटलं गेलं.

दोन्ही निकाल एकत्र वाचले की घरगुती शहाणपण निघतं ते असं. पहिलं, जिवंतपणी राहतं घर दान करण्याची घाई करू नये. मृत्युपत्राने तेच साधतं आणि मालकी शेवटपर्यंत आपल्याकडे राहते. दुसरं, द्यायचंच असेल तर अट दानपत्रातच स्पष्ट लिहावी: मी हयात असेपर्यंत याच घरात राहीन, जेवण, औषधपाणी, सेवाशुश्रूषा घेणाऱ्याने करावी, न केल्यास हे दान रद्द होईल. ‘प्रेमापोटी देत आहे’ एवढंच लिहिलं की अट गेली. छतरपूरच्या आईला न्याय मिळाला, पण अर्जापासून शेवटच्या निकालापर्यंत चार वर्षं गेली. उतारवयात चार वर्षं म्हणजे किती, हे सांगायला नको.

आमच्या बाबतीत आणखी एक गोष्ट पुढे आली, आणि परदेशातल्या वाचकांनी ती जरूर लक्षात ठेवावी. अनिवासी भारतीय किंवा ओसीआय कार्डधारक भारतात शेतजमीन विकत घेऊ शकत नाही आणि बक्षीस म्हणूनही घेऊ शकत नाही. वारशाने मात्र घेऊ शकतो. म्हणजे मोठ्या बाईंनी धानाचं शेत मुलाला दानपत्राने दिलं असतं, तर ते परकीय चलन नियमांच्या विरुद्ध गेलं असतं. मृत्युपत्राने दिलं तर चालतं. वाद तिथेच मिटला.

मृत्युपत्र: काय लागतं, काय लागत नाही

मृत्युपत्राला स्टँप पेपर लागत नाही. साधा कागद चालतो, कोणतीही भाषा चालते. मराठीतलं मृत्युपत्र मध्य प्रदेशातही तितकंच वैध. नोंदणी सक्तीची नाही, पण आमच्यासारख्या घरांत, जिथे एक वारस सातासमुद्रापार आहे, तिथे करून घ्यावी. लागतात ते दोन साक्षीदार, ज्यांनी करणाऱ्याला सही करताना पाहिलं किंवा त्याने ‘ही माझी सही’ असं त्यांना सांगितलं, आणि मग त्याच्यासमोर स्वतः सही केली. साक्षीदार आपल्यापेक्षा तरुण, गावातच राहणारे आणि मृत्युपत्रातून ज्यांना काही मिळणार नाही असे निवडावेत. वाद झाला तर त्यांतल्या निदान एकाला कोर्टात उभं राहावं लागतं. ऐंशीच्या आजोबांनी ऐंशीच्या मित्राची साक्ष घेतली तर ती उपयोगी पडण्याचा भरवसा काय?

शेवटचं मृत्युपत्र खरं. आधीचं नोंदवलेलं असलं तरी नंतरचं, नियमाप्रमाणे झालेलं, त्याच्यावर मात करतं. आणि आपल्याच हिश्श्याचं मृत्युपत्र करता येतं. वडिलोपार्जित एकत्र जमिनीत मुलींचाही मुलांइतकाच जन्मसिद्ध हक्क आहे. २००५ च्या दुरुस्तीने तो दिला आणि ११ ऑगस्ट २०२० च्या निकालाने, वडील २००५ मध्ये हयात होते की नव्हते याने फरक पडत नाही, हेही स्पष्ट झालं. ‘मुलीचं लग्नात दिलं’ हे वाक्य अजून आमच्याकडे ऐकू येतं. कायद्याच्या दृष्टीने त्याला अर्थ नाही.

मग नॉमिनी म्हणजे कोण? हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी विचारला जातो. बँकेतला नॉमिनी हा पैसे स्वीकारणारा विश्वस्त; मालक ठरतात ते मृत्युपत्राप्रमाणे किंवा वारसा कायद्याप्रमाणे. शेअर्सच्या बाबतीतही डिसेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं. आयुर्विम्यात मात्र २०१५ च्या दुरुस्तीनंतर जोडीदार, मुलं किंवा आईवडील नॉमिनी असतील तर रक्कम त्यांचीच होते. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चारपर्यंत नॉमिनी ठेवता येतात, टक्केवारीसह. नॉमिनी आणि मृत्युपत्र यांच्यात एकच नावं राहतील असं बघितलं, तर निम्मी भांडणं जन्मालाच येणार नाहीत.

मुदत ठेवीबद्दल एक बारीक गोष्ट. नवराबायकोच्या नावावर ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात’ अशी ठेव असते. एक जण गेला आणि दुसऱ्याला पैसे मुदतीआधी हवे असले, तर त्यासाठी दोघांनी मिळून आधीच दिलेली वेगळी संमती बँक मागते. आमचे भाऊजी गेले तेव्हा मोठ्या बाईंना यासाठी एका बँकेत चार चकरा झाल्या. तुमच्या ठेवींच्या अर्जावर ती संमती आहे का, ते आजच विचारा.

मुखत्यारपत्राचा भ्रम

परदेशातल्या मुलांचा सर्वांत मोठा गैरसमज इथे आहे. अमेरिकेत असं मुखत्यारपत्र करता येतं की जे करून देणाऱ्याची समज गेल्यावरही चालू राहतं. आपल्याकडे तसं नाही. भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम २०१ प्रमाणे, अधिकार देणारा मरण पावला किंवा त्याचं मन ठिकाणावर राहिलं नाही, की प्रतिनिधीचा अधिकार संपतो. म्हणजे आईने आज मुलीला मुखत्यारपत्र दिलं तर ते आईला समजतं आहे तोवरच उपयोगी. नेमकी गरज लागेल तेव्हा ते हातातून जातं.

मग पुढे काय? स्मृतिभ्रंश झालेल्या माणसासाठी पालक नेमण्याची सोपी, सरळ कायदेशीर वाट आपल्याकडे अजून नाही. ऑटिझम, मेंदूचा पक्षाघात, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता यांच्यासाठी १९९९ चा नॅशनल ट्रस्ट कायदा आहे. वृद्धापकाळचा स्मृतिभ्रंश त्यात बसत नाही. म्हणून कुटुंबं उच्च न्यायालयात रिट अर्ज करतात. केरळ उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये कोमातल्या रुग्णांसाठी पालक नेमण्याची पद्धत घालून दिली. आमच्यासाठी याचा अर्थ जबलपूर.

ती वेळ येऊ नये म्हणून आम्ही काय केलं ते सांगते. मोठ्या बाईंचं निवृत्तिवेतनाचं खातं आणि एक ठेव लेकीसोबत संयुक्त केली, कोणीही व्यवहार करू शकेल अशा पद्धतीने. यातला धोका समजून घ्या: संयुक्त खातेदार सगळे पैसे काढू शकतो. म्हणून मुलगा आणि मुलगी दोघांच्या फोनवर व्यवहाराचे संदेश दिसतील अशी व्यवस्था आपसांत केली. ज्यांच्याकडे रक्कम मोठी आहे त्यांनी वकिलाशी खासगी विश्वस्त निधीबद्दल बोलावं. भारतीय विश्वस्त कायदा १८८२ प्रमाणे आज शुद्धीत असताना पैसे विश्वस्तांकडे सोपवले, तर पुढे आपली समज गेली तरी विश्वस्त आपल्यासाठी खर्च करत राहू शकतात.

उलट दिशेचं मुखत्यारपत्रही लागतं: परदेशातल्या मुलाने इथल्या बहिणीला द्यायचं. ते तिथल्या भारतीय वकिलातीत साक्षांकित किंवा अपोस्टिल करून पाठवतात आणि भारतात आल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरावं लागतं. हे तीन महिने कपाटात पडून जातात. मध्य प्रदेशात ऑक्टोबर २०२४ पासून ‘संपदा २.०’ ही ऑनलाइन नोंदणी प्रणाली सुरू झाली आहे. आपला दस्त त्यातून घरबसल्या होतो का, हे उप पंजीयक कार्यालयात आधी विचारून घ्यावं.

दर महिन्याचा हिशेब

कायद्याचं झालं, आता पैशाचं. म्हातारपणाचा खर्च दोन प्रकारचा. एक, दवाखान्यात भरती होण्याचा: अचानक आणि मोठा. दुसरा, घरी सांभाळण्याचा: दररोजचा आणि न संपणारा. बहुतेकांची तयारी पहिल्याची असते. कुटुंबं वाकतात ती दुसऱ्याने.

समजा दिवसपाळी-रातपाळीच्या बाया, औषधं, डायपर, फिजिओथेरपी मिळून महिना २५ हजार लागतात. वर्षाचे ३ लाख. महागाई ६ टक्के धरली तर बारा वर्षांत तोच खर्च दुप्पट. हा आकडा कागदावर एकदा लिहून पाहा आणि समोर उत्पन्न मांडा. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत एका व्यक्तीला ३० लाखांपर्यंत ठेवता येतात. ८.२ टक्के दराने पूर्ण रकमेवर दर तिमाहीला ६१,५०० रुपये, म्हणजे महिना २०,५०० येतात. खातं उघडताना जो दर असेल तो पाच वर्षं कायम. पोस्टाच्या मासिक उत्पन्न योजनेत एकट्याला ९ लाख आणि संयुक्त खात्यात १५ लाखांची मर्यादा; ७.४ टक्क्यांनी १५ लाखांवर महिना ९,२५० रुपये. नव्या खात्यांचे दर सरकार दर तिमाहीला ठरवतं, म्हणून पोस्टात विचारूनच पैसे ठेवा. आणि सगळी रक्कम अडकवू नका. सहा महिन्यांचा खर्च केव्हाही काढता येईल असा असू द्या.

घर तारण ठेवून बँकेकडून दरमहा पैसे घ्यायची उलट गहाणाची योजना २००७ पासून आहे. कागदावर ती एकट्या म्हाताऱ्यांसाठी चांगली आहे. पण माझ्या सगळ्या नोकरीत आमच्या शाखेत असं एकही कर्ज झालेलं मी पाहिलं नाही. वारासिवनीसारख्या गावातल्या घरावर त्याचा भरवसा धरू नये.

दवाखान्यासाठी मात्र एक मोठी सोय झाली आहे. २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीच्या पुढच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान योजनेत वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मोफत आहेत. हे कार्ड राज्याच्या हद्दीत अडकत नाही. वारासिवनीचं कार्ड गोंदिया-नागपूरच्या योजनेत असलेल्या रुग्णालयातही चालतं. सीमेवर राहणाऱ्या आमच्यासारख्यांना याचं मोल अधिक. पण ते भरती झाल्यावरच्या उपचारांसाठी आहे. घरी ठेवलेल्या बाईचा पगार त्यातून मिळत नाही. खासगी आरोग्य विम्याला आता वयाची ६५ ची अट राहिलेली नाही, आधीच्या आजारांसाठी थांबायची मुदत जास्तीत जास्त तीन वर्षांवर आली आहे आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक पॉलिसीवर जीएसटी नाही. साठीतल्या आईवडिलांसाठी हे आत्ताच बघा.

खर्चाबाबत आमच्या घरचा एक उपाय सगळ्यांना सांगण्यासारखा. नागपूरची लेक दर पंधरा दिवसांनी येते, औषधं आणते, रजा टाकते. तिने एक वही केली आहे: तारीख, खर्च, कोणी दिला. महिनाअखेरी वहीच्या पानाचा फोटो भावाला जातो आणि तो आपला वाटा पाठवतो. पहिल्यांदा तिला हे बरं वाटलं नाही, ‘आईच्या सेवेचा काय हिशेब?’ म्हणाली. पण सेवेचा हिशेब नाही, खर्चाचा आहे. जवळच्या मुलाने किंवा मुलीने खिशातून घातलेले पैसे दूरच्याला दिसत नाहीत, आणि पुढे वाटणीच्या वेळी तेच कडू होऊन बाहेर येतात.

शेवटच्या आजारपणाबद्दल

हा विषय काढला की घरात ‘अभद्र बोलू नका’ असं ऐकू येतं. पण मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या अरुणा शानबाग यांची कहाणी मराठी माणसाला माहीत आहे; त्यांच्या खटल्यात २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने या प्रश्नाला पहिल्यांदा वाट दिली. ९ मार्च २०१८ च्या निकालाने, बरं होण्याची आशा नसताना कृत्रिम उपायांनी जगवत ठेवू नये, असं आगाऊ लिहून ठेवण्याचा हक्क मान्य केला. २४ जानेवारी २०२३ रोजी ती पद्धत सोपी झाली: दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी, एवढं पुरतं. आपल्या वतीने बोलणाऱ्या माणसांची नावं त्यात द्यायची. प्रत्यक्ष वेळ आली तर डॉक्टरांची दोन मंडळं तपासून ठरवतात. एकटा मुलगा किंवा एकटी मुलगी नाही. गोव्यात २०२४ साली उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती महेश सोनक यांनी स्वतः असं इच्छापत्र करून इतरांना वाट दाखवली.

मोठ्या बाईंना हे समजावून सांगितलं. त्यांनी दोन दिवस विचार केला आणि म्हणाल्या, ‘नळ्या नको. घरी आणा.’ तेवढंच नीट भाषेत लिहून घेतलं. आता तो निर्णय त्यांचा आहे, आणि पुढे लेकीला किंवा मुलाला तो ओझं म्हणून वाहावा लागणार नाही.

आणि कोणीच बघत नसेल तर

असंही असतं. २००७ च्या कायद्याप्रमाणे साठीच्या पुढची व्यक्ती स्वतःचं भागवू शकत नसेल तर मुलांकडून, आणि मूलबाळ नसेल तर मालमत्ता मिळणार असलेल्या नातेवाइकाकडून, निर्वाह मागू शकते. अर्ज एसडीएमच्या न्यायाधिकरणाकडे. अर्जदार जिथे राहतो तिथे किंवा मुलं जिथे राहतात तिथे. म्हणजे वारासिवनीच्या माणसाला पुण्याला जायची गरज नाही. वकील लागत नाही, नोटीस पोहोचल्यापासून नव्वद दिवसांत निकाल अपेक्षित आहे, महिना १० हजारांपर्यंत निर्वाह मिळू शकतो. काही विचारायचं असेल तर १४५६७ ही ज्येष्ठांसाठीची मोफत हेल्पलाइन आहे. अर्ज करायला म्हातारी माणसं लाजतात, ‘लोक काय म्हणतील’ म्हणतात. लाज कोणाला वाटायला हवी, ते वाचकांनीच ठरवावं.

एका सुट्टीत होणारी कामं

१. सगळ्या कागदांवरची नावं जुळवा. घर-शेताचा ताजा खसरा आणि बी-वन काढा.
२. खाती, ठेवी, विमा, पेन्शन यांची एक यादी करा. विसरलेल्या ठेवी रिझर्व्ह बँकेच्या ‘उद्गम’ या संकेतस्थळावर शोधा.
३. प्रत्येक खात्याला नॉमिनी आणि ठेवींना मुदतपूर्व काढण्याची संमती.
४. मृत्युपत्र: तरुण साक्षीदार, डॉक्टरांचं प्रमाणपत्र, शक्य असल्यास नोंदणी.
५. दानपत्राची घाई नाही. केलंच तर सांभाळाची अट त्यातच.
६. सत्तरीवरच्यांचं आयुष्मान कार्ड.
७. वैद्यकीय इच्छापत्र, आणि त्याची प्रत नेहमीच्या डॉक्टरांकडे.
८. खर्चाची वही.
९. मसुद्यावर सही करण्यापूर्वी मालमत्ता ज्या राज्यात आहे तिथल्या वकिलाचा सल्ला.

मोठ्या बाईंचं मृत्युपत्र नोंदवून झालं. घर लेकीला, शेत मुलाला, आणि दोन्ही त्या हयात असेपर्यंत त्यांचंच. बटईचे पैसे त्यांच्या खात्यात येतात. एक गोष्ट मात्र अजून ठरलेली नाही. रात्री त्यांच्याजवळ झोपायला कोण असेल, याचं उत्तर कोणत्याही कायद्यात सापडत नाही. सध्या मी आहे. पण मीही आता अडुसष्ट वर्षांची आहे, आणि हा विषय पुढच्या रविवारी चौघांनी फोनवर बसून बोलायचं ठरलं आहे.